परासरणाचे वर्गातील विवेचन : काही आक्षेप

जिवंत पेशीत पाणी व विद्राव्य पदार्थ यांची ये-जा कशी होते, या विषयाचे मराठीतील विवेचन बहुधा बेदाण्यापासून सुरू होते. बेदाणा पाण्यात टाकला की फुगतो, साखरेच्या दाट पाकात टाकला की आक्रसतो, झाले परासरण! उदाहरण सोपे आहे, घरात सापडणारे आहे. परंतु ज्या गोष्टीचे म्हणून ते दिले जाते, तिचे ते नव्हे. द्राक्ष वाळून बेदाणा होईपर्यंत त्यातील पेशी मेलेल्या असतात, आणि पेशी मेली की तिच्या प्रद्रव्यपटलाची निवडक्षमता नष्ट होते. बेदाणा फुगतो यावरून जिवंत पटलाविषयी काहीच सिद्ध होत नाही.

लोणच्याच्या कैरीचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. मात्र ते अर्ध्यावरच सोडले जाते. मीठ लावताच फोडींना पाणी सुटते, येथे बहिःपरासरण म्हणून विवेचन थांबते. पण पटल जर मिठाला अटकाव करणारे असेल, तर महिन्याभरात फोड आतपर्यंत खारट कशी होते? हा प्रश्न कोणत्याही सुगरणीला सुचावा. उत्तर असे की, एवढ्या तीव्र खारेपणात पेशी मरतात आणि मग मीठ साध्या विसरणाने आत शिरते. एकाच बरणीत प्रथम जिवंत पटलाचे व नंतर मृत पटलाचे वर्तन पाहावयास मिळते. बिटाच्या स्वच्छ धुतलेल्या चकत्या थंड पाण्यात रंग फारसा सोडत नाहीत, उकळत्या पाण्यात मुक्तपणे सोडतात. तेथेही हाच भेद आहे.

दुसरा आक्षेप व्याख्येवर आहे. कमी संहतीच्या द्रावणाकडून अधिक संहतीच्या द्रावणाकडे पाणी जाते, एवढेच सांगितले जाते. ही व्याख्या मांजरा व गोदावरीच्या खोऱ्यांतील भारी काळ्या जमिनीत टिकत नाही. पावसाने ओढ दिली की सोयाबीन माना टाकते. मुळाजवळचे ढेकूळ मात्र हाताला ओलसर लागते. जमिनीतील पाणी पेशीरसाहून कितीतरी विरल असते, म्हणजे व्याख्येप्रमाणे ते मुळात शिरावयास हवे. ते शिरत नाही, कारण चिकणमातीच्या सूक्ष्म कणांनी ते घट्ट धरून ठेवलेले असते. ही पकड सुमारे १५ बारपर्यंत गेली की बहुतेक पिके कायमची म्लान होतात असे मानतात, आणि भारी जमिनीत त्या वेळीही बरेच पाणी शिल्लक असते. उलटपक्षी, फुगून ताठ झालेल्या पेशीतील रस बाहेरच्या पाण्याहून दाट असूनही आणखी पाणी आत येत नाही. भित्तिकेचा दाब ते थोपवतो. संहती, दाब व कणांची पकड या तिन्हींचा एकत्र हिशेब जलविभव या संकल्पनेत होतो. ती पदवीपूर्व वर्गात कठीण म्हणून वगळणे, निदान २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या लातुरात तरी, समर्थनीय वाटत नाही.

पटलाला चाळणी म्हणण्याची प्रथाही अशीच. चाळणी आकारमान पाहते. सोडियमचा आयन पोटॅशियमच्या आयनाहून लहान आहे. तरीही पोटॅशियमच्या वाहिनीतून पोटॅशियम सहज जातो आणि सोडियम अडतो. शिवाय १९५७ मध्ये स्कौ यांनी वर्णिलेले विकर सोडियमचे ३ आयन बाहेर टाकून पोटॅशियमचे २ आत घेते, तेही उताराविरुद्ध, ऊर्जा खर्चून. पाण्यासाठीही पुष्कळ पेशींत स्वतंत्र प्रथिनवाहिन्या आहेत, हे ॲग्रे यांनी १९९२ मध्ये दाखविले. असे काम करणारी चाळणी कोणाच्या स्वयंपाकघरात नाही.

'लातूर पॅटर्न'मध्ये मुरलेला विद्यार्थी समपरासारी, अवपरासारी, अतिपरासारी हे शब्द न अडखळता सांगतो आणि चार पर्यायांतील योग्य तो निवडतो. त्याच्या तयारीविषयी तक्रार नाही. बापाच्या शेतात ढेकूळ ओले असताना पीक का सुकले, हा प्रश्न मात्र त्या चार पर्यायांत बसत नाही. प्रात्यक्षिक परीक्षेत तो विचारता येईल, आणि त्यासाठी लागणारी माती विभागाच्या आवाराबाहेरच आहे.