‘आनंदी गोपाळ’ : ही इच्छा कोणाची?

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव येथे एका घरी गेलो असता दहावीत शिकणाऱ्या एका मुलीने आम्हाला एक प्रश्न विचारला. तिने श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी नुकतीच वाचून संपविली होती. ती म्हणाली, “फादर, नवऱ्यानं हट्टानं शिकवलं म्हणून आनंदीबाई डॉक्टर झाल्या. मग जिला तसा नवरा मिळणार नाही, तिनं काय करायचं?” आई चुलीपाशी थबकली. घरात स्थळांची बोलणी चालू असल्याचे आम्हाला नंतर समजले. त्या क्षणी आम्हास समाधानकारक उत्तर देता आले नाही. म्हणून घरी परतल्यावर ती कादंबरी आम्ही पुन्हा वाचावयास घेतली.

१९६८ साली प्रसिद्ध झालेली ही कादंबरी मराठी वाचकाने मनापासून स्वीकारली. पुढे तिचे नाट्यरूप रंगभूमीवर आले, २०१९ मध्ये याच नावाचा चित्रपटही आला. हे यश अकारण नाही. एकोणिसाव्या शतकातील ब्राह्मणी घराचे वातावरण, पोस्टखात्यातील कारकुनाची फिरती नोकरी, लोकनिंदेचा जाच हे सारे लेखकाने जिवंत केले आहे. विशेषतः गोपाळराव हे पात्र विसरता येत नाही. सुधारणेचे वेड, विक्षिप्त हेका आणि पत्नीवरचा निष्ठुर धाक एकाच माणसात कसे नांदतात, हे दाखविताना लेखकाने त्यांना देवही केले नाही आणि राक्षसही नाही.

आमची तक्रार याच यशाविषयी आहे. गोपाळराव इतके ठसठशीत उतरले आहेत की आनंदीबाई त्यांच्या सावलीत उभ्या राहतात. पती ओढतो आणि पत्नी ओढली जाते, असाच ठसा वाचकाच्या मनावर उरतो. सेनगावच्या मुलीने कादंबरी चुकीची वाचली नव्हती. कादंबरीने तिला जे दिले, तेच तिने घेतले होते.

इतिहास काय सांगतो? ३१ मार्च १८६५ रोजी जन्मलेल्या यमुनेचा विवाह नवव्या वर्षी झाला. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. शिक्षणाचा आग्रह गोपाळरावांचा होता, हे खरे. त्या आग्रहात मारझोड होती, हेही तिने पुढे पतीलाच लिहिलेल्या पत्रातून दिसते. पण अक्षरओळख करून देणारा एक आणि त्या अक्षरांतून आपले ध्येय वाचणारी दुसरी. मूल गमावलेल्या त्या आईला कळले की पुरुष डॉक्टरसमोर जाण्यापेक्षा आपल्या देशातील स्त्रिया मरण पत्करतात. ही जाणीव नवऱ्याने छडीने शिकविलेली नव्हती.

२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर महाविद्यालयाच्या सभागृहात, वयाची १८ वर्षेही पूर्ण नसताना, तिने इंग्रजीतून भाषण केले. अमेरिकेस का जाता, एकट्या का जाता, परतल्यावर समाज वाळीत टाकणार नाही काय, आजवर कोणत्याही स्त्रीने केले नाही ते तुम्हीच का करावे, अशा लोकांच्या प्रश्नांना तिने एकामागून एक उत्तरे दिली. एप्रिलमध्ये ती पतीवाचून जहाजावर चढली. ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयाने तिला एम. डी. ही पदवी दिली. त्या समारंभास पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. तिच्या प्रबंधाचा विषय प्रसूतिशास्त्र हाच होता! त्या दहा दिवसांच्या बाळाचे स्मरण ठेवल्यावाचून ही निवड समजत नाही.

आता एका अवघड गोष्टीकडे वळतो. ती आम्हा ख्रिस्ती वाचकांच्या घरातली आहे. गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी मदत मागितली, तेव्हा कोल्हापुरात कार्य करून गेलेले मिशनरी वाइल्डर यांनी उत्तरात धर्मांतराचा मार्ग सुचविला आणि हा पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. तोच अंक न्यू जर्सीतील श्रीमती कार्पेंटर यांच्या हाती पडला. त्यांनी कोणतीही अट न घालता मैत्रीचा हात पुढे केला व पुढे आपल्या घराचे दार उघडले. दयाळू शोमरोन्याने वाटेवरच्या जखमी माणसाला त्याचा धर्म विचारला नव्हता. आनंदीबाईंनी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन असे सांगितले व ते पाळले. धर्मस्वातंत्र्यावरील दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेची १९६५ ची घोषणा मानणाऱ्या आम्हास त्या निश्चयाचा आदर वाटतो.

वाइल्डर प्रोटेस्टंट होते, असे म्हणून कॅथलिक वाचकाने निश्चिंत होऊ नये. व्रतस्थ भगिनींनी प्रसूतिशास्त्राचा व्यवसाय करू नये, असा निर्बंध आमच्याच ख्रिस्तसभेत होता. रावळपिंडीच्या स्त्रियांसाठी झटणाऱ्या डॉ. अॅग्नेस मॅक्लारेन यांनी तो उठावा म्हणून रोमकडे वारंवार विनंत्या केल्या. त्यांची प्रेरणा घेतलेल्या डॉ. अॅना डेंगल यांनी १९२५ मध्ये वैद्यकीय मिशन भगिनींचा संघ स्थापिला. आणि मोकळीक मिळाली ती १९३६ मध्ये. म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीनंतर ५० वर्षांनी! स्त्रीच्या इच्छेला परवानगी लागते, ही समजूत एकट्या गोपाळरावांची नव्हती.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्री-विभागाचे काम आनंदीबाईंची वाट पाहत होते. ते त्यांच्या हातून घडले नाही. क्षयाने खंगून २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्ष पूर्ण होण्यास महिन्याहून थोडे अधिक दिवस उरले होते. वाचक येथे रडतो, आणि त्या अश्रूंत त्यांच्या कर्तृत्वाचा हिशेब वाहून जातो.

म्हणून आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांना आमचे सांगणे असे : ‘आनंदी गोपाळ’ अवश्य वाचा, परंतु तेथे थांबू नका. अंजली कीर्तने यांचा १९९७ चा ‘डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व’ हा ग्रंथही वाचा. त्याच्या शीर्षकात नवऱ्याचे नाव नाही, आणि हा भेद लहान नाही. शिवाय डॉ. रखमाबाईंची कथा मुलींना सांगा. अकराव्या वर्षी लावून दिलेला विवाह नाकारून त्या न्यायालयात उभ्या राहिल्या, लंडनहून डॉक्टर होऊन परतल्या आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी दीर्घकाळ रुग्णसेवा केली.

सेनगावला आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा त्या मुलीला म्हणालो, “बाळ, इच्छा आनंदीबाईंचीच होती. नवऱ्याने दार ढकलले. पण उंबरठा ओलांडला तो तिने.” मुलीने मान हलविली व आईकडे पाहिले. आई म्हणाली, “फादर, हे तिच्या बाबालाबी सांगा.” बाबा शेतातून यायचे होते. आम्ही थांबलो.