राजनयिक भाषणांतील व्याकरणिक निवड आणि अर्थनिर्मिती : जपानच्या दोन निवेदनांचा तौलनिक विचार

प्रस्तावना :
राजनयिक भाषणांची चिकित्सा बहुधा धोरणाच्या अंगाने होते. कर्ता कोण, क्रियापदाचा काळ कोणता, हे प्रश्न व्याकरणाच्या तासापुरते मर्यादित राहतात. वस्तुतः उत्तरदायित्वाचा निर्णय पुष्कळदा तेथेच होतो. दुसऱ्या महायुद्धाच्या समाप्तीला ५० व ७० वर्षे पूर्ण झाली, त्या निमित्ताने जपानच्या पंतप्रधानांनी केलेली दोन निवेदने या दृष्टीने अभ्यसनीय आहेत. पहिले तोमीइची मुरायामा यांचे (१५ ऑगस्ट १९९५), दुसरे शिंझो आबे यांचे (१४ ऑगस्ट २०१५).

विवेचन :
जपानी भाषेत कर्ता अध्याहृत ठेवण्याची मुभा आहे. म्हणूनच तो उच्चारणे ही अर्थपूर्ण निवड ठरते. मुरायामांच्या निवेदनात ‘आपला देश’ हा कर्ता आहे. वसाहतवादी राजवट व आक्रमण ही साधने आहेत आणि आशियाई जनतेला झालेल्या यातना हा परिणाम आहे. कर्ता, साधन आणि परिणाम एकाच वाक्यात बांधले गेले आहेत. पुढे क्षमायाचनेच्या वाक्यात कर्ता ‘मी’ होतो व क्रियापद वर्तमानकाळी येते. जे. एल. ऑस्टिन यांच्या परिभाषेत ही कृतिरूप उक्ती होय. येथे उच्चार हीच क्षमायाचना आहे.

आबे यांच्या निवेदनातही पश्चात्ताप, क्षमायाचना, आक्रमण व वसाहतवादी राजवट हे सर्व शब्द आढळतात. रचना मात्र बदलते. ‘आक्रमण’ हा शब्द क्रियापदरहित नाममालिकेत येतो. ते कोणी केले, हे ते वाक्य सांगत नाही. क्षमायाचनेचा कर्ता ‘मी’ नसून देश आहे आणि क्रियापदाचा अर्थ ‘व्यक्त करत आला आहे’ असा होतो. परिणामी क्षमायाचना घडत नाही, तिचा वृत्तान्त दिला जातो.

याला प्रतिवाद संभवतो. जपान चुकीच्या मार्गाने युद्धाकडे गेला व त्याने निरपराधांना यातना दिल्या, हे आबे स्पष्ट कर्त्यासह सांगतात. पूर्वीच्या मंत्रिमंडळांची भूमिका अढळ राहील, अशी ग्वाहीही देतात. ही बाजू नाकारता येत नाही. तथापि कर्ता यातनांशी जोडला जातो, आक्रमणाशी नाही. आणि ग्वाही पूर्वसुरींच्या शब्दांची आहे, नव्या शब्दाची नाही.

निष्कर्ष :
समान शब्दसंग्रहातून भिन्न उत्तरदायित्व निर्माण होऊ शकते. ‘चूक झाली’ आणि ‘आम्ही चूक केली’ यांतील अंतर मराठी भाषकाला समजावून सांगावे लागत नाही. ज्यांनी यातना भोगल्या त्यांच्या दृष्टीने हे अंतर केवळ शैलीचे नसते. म्हणून अशा भाषणांच्या अभ्यासात कोणते शब्द आले याची नोंद पुरेशी नाही. ते कोणत्या कर्त्याला व कोणत्या काळाला जोडले गेले, हेही तपासणे आवश्यक ठरते.