दडलेला दोष आणि दुरुस्ती : केव्हीएममधील एका माघारीची चिकित्सा

एकाच संगणकावर अनेक आभासी यंत्रे चालविणाऱ्या प्रणालीस हायपरव्हायझर म्हणतात. लिनक्समधील केव्हीएम हे तिचे परिचित उदाहरण. 2007 साली 2.6.20 या आवृत्तीत ते लिनक्समध्ये आले. आभासी यंत्र जी मेमरी आपली समजते ती प्रत्यक्षात कोठे आहे, याची नोंद केव्हीएम ठेवते. मेमरीचा एखादा विभाग काढला की त्याच्या नोंदी रद्द कराव्या लागतात. जुनी रीत मात्र विलक्षण होती. एक गट कमी झाला म्हणून तलाठ्याने साऱ्या गावाचे दप्तर फाडावे आणि जो उतारा मागेल त्याच्यापुरते ते पुन्हा लिहावे, तसा हा प्रकार. त्यात वेळ जाई. पण चुकीची जुनी नोंद मागे राहण्याची भीती नसे.

2019 च्या मे महिन्यातील 5.1 आवृत्तीत शॉन ख्रिस्तोफरसन यांच्या बदलाने फक्त संबंधित विभागाच्याच नोंदी पुसल्या जाऊ लागल्या. तर्काला हे सर्वस्वी पटणारे. तथापि ग्राफिक कार्डासारखे उपकरण थेट जोडलेली आभासी यंत्रे बिघडत असल्याचे ॲलेक्स विल्यमसन यांनी निदर्शनास आणले, आणि ऑगस्टमध्ये पाओलो बोन्झिनी यांनी तो बदल मागे घेतला.

या माघारीचे खरे मोल तिच्या टिपणात आहे. दोष बहुधा अन्यत्र असून तो अद्याप दडलेलाच आहे, अशी स्पष्ट कबुली तेथे दिलेली आढळते. अशी कबुली आपल्याकडील शोधनिबंधांतही विरळाच! चालती यंत्रे बंद पाडून कारणाचा शोध घेत बसणे अयोग्य ठरले असते, म्हणून माघार योग्यच होती. आक्षेप पुढील मौनावर आहे. लक्षण नाहीसे होताच शोधाची निकड ओसरली आणि महागडी जुनी रीत पाच वर्षे कायम राहिली.

इंटेलच्या टीडीएक्स तंत्रामुळे प्रश्न पुन्हा उभा राहिला. तेथे खासगी मेमरीच्या सर्व नोंदी पुसणे परवडत नाही. त्यातील मजकूरच हातचा जातो. म्हणून 2024 च्या 6.12 आवृत्तीत सामान्य यंत्रांसाठी जुनी रीत ठेवून ती बंद करण्याची मुभा देण्यात आली. या सोयीला ‘क्वर्क’, म्हणजे खोड, असे नाव आहे. खोड कोणाची, हे नाव सांगत नाही. 2019 च्या टिपणातील ‘अन्यत्र’ म्हणजे नेमके कोठे, याचे उत्तरही या बदलाने दिलेले नाही.