दारफाळणी आणि गेवुलोत : एका कादंबरीविषयी



एडिनबराला लेकीकडे राहायला येऊन मला तीन वर्षे झाली. इथे डिसेंबरात दुपारी चारच्या आत दिवस मावळतो आणि मग वाचनाशिवाय दुसरा उद्योग उरत नाही. गेल्या हिवाळ्यात माझ्या नातवाने एक इंग्रजी कादंबरी हातात ठेवली आणि म्हणाला, "सावता, यात हिब्रू शब्द आहेत. ते मंगळावरचे लोक बोलतात. तू वाच आणि लेखकाने ते बरोबर वापरलेत का ते सांग." नातू इथल्या विद्यापीठात संगणकशास्त्र शिकतो. आजीला कामाला कसे लावायचे हे त्याला चांगले ठाऊक आहे.

कादंबरीचे नाव 'द क्वांटम थीफ'. लेखक हन्नू रायानिएमी हे मूळचे फिनलंडचे. त्यांनी एडिनबरा विद्यापीठात गणिती भौतिकशास्त्राची डॉक्टरेट केली, आणि ही त्यांची पहिली कादंबरी २०१० साली प्रसिद्ध झाली. या गावाला असल्या विषयाचे नवल नाही. महायुद्धात ॲलन ट्युरिंग यांच्याबरोबर काम केलेले डोनाल्ड मिकी यांनी १९६० नंतरच्या दशकात इथेच यंत्रांना विचार करायला शिकवण्याचे काम सुरू केले. लाकडी तुकड्यांच्या ढिगातून एकेक तुकडा ओळखून खेळण्यातली गाडी जोडणारा त्यांचा 'फ्रेडी' नावाचा यंत्रमानव आता चेंबर्स स्ट्रीटवरच्या संग्रहालयात ठेवला आहे. शाळेतला मोडका फळा वाटावा इतका तो साधा दिसतो.

गोष्ट थोडक्यात अशी. झां ल फ्लांबर हा नामांकित चोर एका विचित्र तुरुंगात आहे. तिथे त्याच्याच असंख्य नकला एकमेकांवर पिस्तूल रोखून उभ्या आहेत आणि गोळी झाडायची की भरवसा ठेवायचा हे प्रत्येकीला ठरवायचे आहे. मिएली नावाची एक योद्धा स्त्री त्याला सोडवते, पण एका अटीवर : त्याने तिच्यासाठी एक चोरी करायची. त्या चोरीसाठी लागणाऱ्या आठवणी त्याने पूर्वी स्वतःच स्वतःपासून लपवून मंगळावरच्या एका चालत्या शहरात ठेवल्या आहेत. शहराचे नाव उब्लिएत. फ्रेंच भाषेत हे अंधारकोठडीचे नाव आहे आणि विसरणे या धातूपासून ते आले आहे. तिथे इसिडोर नावाचा एक तरुण गुन्ह्यांचा शोध लावतो आणि दोघांच्या वाटा एकमेकींना मिळतात.

आता आपले शब्द. उब्लिएतमध्ये प्रत्येक माणसाभोवती 'गेवुलोत' असते. आपण उल्पानमध्ये हा शब्द शिकलो तो रेडिओवरच्या बातम्या समजाव्यात म्हणून. गेवुल म्हणजे सीमा आणि गेवुलोत हे तिचे अनेकवचन. इथे ती देशाची सीमा नाही, माणसाची आहे. समोरच्याने मला किती पाहावे, माझे बोलणे किती ऐकावे आणि उद्या त्यातले किती आठवावे, हे मी ठरवते. नको असेल तर रस्त्यातून जाताना मी कुणाला नुसती धूसर दिसते. चौकात मात्र पडदा नाही. तिथे सगळे उघड. शहरात घडणारे सर्व काही एका सामायिक स्मृतीत साठते आणि त्यातले आपले दालन ज्याचे त्याने कुलूपबंद ठेवायचे.

शब्द बरोबर आहे का, असे नातवाने विचारले होते. बरोबर आहे, आणि सुंदरही आहे. मला ते वाचताना दारफाळणीचा सण आठवला. आज आपण सगळेच किपुर म्हणतो, पण माझी आजी शेवटपर्यंत दारफाळणीच म्हणत असे. आदल्या संध्याकाळी अंघोळी करून, पांढरी वस्त्रे नेसून कोकणातल्या आपल्या घरांची दारे बंद होत. मग शेजाऱ्याशी बोलणे नाही की कुणाचा स्पर्श नाही. गावालाही ते माहीत असे. शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या शनवार तेल्यांचे दार आज का बंद आहे हे कुणी विचारत नसे. दुसऱ्या दिवशी शिळा सण : दारे उघडत, भेटीगाठी होत, दानधर्म होई. हीसुद्धा गेवुलोतच. तिची कडी आतून होती आणि ती कधी उघडेल हे सगळ्या गावाला माहीत होते.

दुसरा शब्द 'त्साद्दिकिम'. इथे मी लेखकाचे गुण कापते. त्यांचे त्साद्दिक मुखवटे घालून, अद्भुत शक्तींच्या बळावर शहराचे रक्षण करतात. आपल्या परंपरेतला छत्तिसांपैकी एक त्साद्दिक शेजारच्या घरात राहतो आणि तो कोण हे कुणाला कळत नाही. बहुधा त्यालाही कळत नाही. मुखवटा घातला की माणूस लपत नाही, उलट नजरेत भरतो.

आणखी एक तक्रार शिक्षिकेची. हे लेखक काहीच समजावून सांगत नाहीत. नवा शब्द येतो, अर्थ नाही, आणि पुढच्या ओळीत आणखी दोन. डॉ. जयंत नारळीकरांच्या मराठी विज्ञानकथा वाचलेल्या आपल्या पिढीला वाटते की गोष्टीत एखादा प्राध्यापक असावा आणि त्याने खडू हातात घ्यावा. पहिली साठ पाने मी दोनदा वाचली. नातू म्हणतो की या जातीच्या कादंबऱ्यांत, म्हणजे १९८४ च्या 'न्यूरोमॅन्सर'पासून चालत आलेल्या सायबरपंकात, वाचकाला असेच पाण्यात ढकलतात. असेल. पण शेवटची पन्नास पाने तर मी तिसऱ्यांदा वाचूनही मला गर्दीच वाटली. स्फोट, पाठलाग, कोण कुणाचा कोण याचे उलगडे. चोर मात्र लोभस आहे. मिएली गाते तेव्हा ती खरी वाटते, एरवी ती हुकूम पाळते.

आता गोष्टीतले एक गुपित फोडते, कारण माझे म्हणणे त्याच्याशिवाय पुरे होत नाही. उब्लिएतचे लोक स्वतःला स्वतंत्र समजतात, कारण प्रत्येकाच्या हाती आपला पडदा आहे. पण पडद्यामागची ती सामायिक स्मृती एकच आहे, आणि तिला मागल्या दाराने हात लावणारा कुणीतरी आहे. लोकांना जो इतिहास आठवतो तो त्याने लिहिलेला आहे. शेजाऱ्यापासून सगळे लपले, पण कोठाराच्या किल्ल्या ज्याच्याकडे आहेत त्याच्यापासून काहीच लपले नाही.

हे वाचून मी पुस्तक मिटून बसले, कारण मला १९७४ साल आठवले. १९६२ मध्ये आपल्या समाजाच्या विवाहांबाबत वंशाच्या चौकशीच्या सूचना कशा निघाल्या, १९६४ च्या उन्हाळ्यात आपली माणसे जेरुसलेमच्या रस्त्यावर कशी बसली आणि त्या ऑगस्टात प्रश्न क्नेसेतपुढे कसा आला, हे तुमच्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. मी नंतर आले. तरीही माझ्या लग्नाच्या वेळी एका कचेरीत मला आईच्या आईचे, तिच्या आईचे नाव विचारले गेले. कागद नव्हता. कोकणात कुणी लिहून ठेवले होते? वडिलांनी तीन म्हाताऱ्या माणसांना आणले : त्यांची मावशी, पेणची एक जुनी शेजारीण आणि रोह्याचे एक गृहस्थ, जे आमच्या घराशी पंधरा वर्षे बोलत नव्हते. तिघांना वेगवेगळे विचारले. तिघांनी तीच नावे त्याच क्रमाने सांगितली. रोह्याच्या गृहस्थांनी तर आमच्या पणजीने कुणाचे उसने भांडे परत केले नाही तेही सांगितले. कारकुनाने तेवढे लिहिले नाही.

नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटले तेव्हा आपल्या पूर्वजांचे ग्रंथ बुडाले असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. जे उरले ते एका कोठारात उरले नाही. थोडे पेणला, थोडे रोह्याला, थोडे आडनावाच्या शेवटच्या 'कर'मध्ये, थोडे मलिद्याच्या ताटात, आणि थोडे भांडणाऱ्या शेजाऱ्याच्या डोक्यात. कुणा एकाला ते बदलायचे म्हटले तरी त्याने किती दारे ठोठावायची? रायानिएमींनी उब्लिएतचा रोग अचूक ओळखला आहे, पण उपचार मुखवटेवाल्यांवर आणि चोरावर सोपवला आहे. सबंध शहरात जिला जाऊन "खरे काय झाले होते गं?" असे विचारावे अशी एक म्हातारी मला भेटली नाही. वेळ संपला की तिथली माणसे यंत्रांच्या शरीरात घालून शहराच्या चाकरीला लावतात आणि काही वर्षांनी परत आणतात. तिथे वय होतच नाही, मग आजी कुठून येणार?

मृतांचाही एक वर्ग या कादंबरीत आहे. त्यांना 'गोगोल' म्हणतात. मेलेल्या कुळांची नावे विकत घेणाऱ्या माणसावर १८४२ मध्ये कादंबरी लिहिणाऱ्या रशियन गोगोलचे हे नाव. गोगोल म्हणजे उतरवून घेतलेले मन : हव्या तितक्या प्रती काढायच्या आणि कामाला जुंपायचे. सोबोर्नोस्त नावाची एक महासत्ता अशाच मनांवर उभी आहे आणि मरण नाहीसे करणे हे आपले पवित्र कार्य आहे असे म्हणते. मृतांना परत आणणाऱ्यांना उब्लिएतमध्ये 'रेझरेक्शन मेन' म्हणतात. एडिनबरात हे नाव थडगी उकरणाऱ्यांचे होते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शरीरशास्त्राच्या शाळांना प्रेते विकली जात, म्हणून लोक थडग्यांवर लोखंडी पिंजरे बसवत. ग्रेफ्रायर्सच्या दफनभूमीत त्यातले दोन अजून आहेत. मी फिरायला जाते तेव्हा त्यांच्या बाजूने जाते.

हे सांगायचे कारण घरचे आहे. माझे यजमान कीर्तन करत. त्यांच्या बावीस कॅसेट माझ्याकडे आहेत. मे महिन्यात नातू म्हणाला, "सावता, त्या मला दे. यंत्राला ऐकवल्या की साबाच्या आवाजात ते तुझ्याशी बोलेल. मराठीत." त्याच्या डोळ्यांत प्रेमच होते. मी त्याला विचारले, ते बोलेल काय? जे साबा बोलले असते तेच? की मला बरे वाटेल ते? तो प्रामाणिक मुलगा आहे. जरा थांबून म्हणाला, "बहुतेक दुसरे."

कॅसेट दिल्या, पण वेगळ्या कामासाठी. त्याने बाविसांच्या चार प्रती काढल्या आणि त्या अश्दोदला नणंदेकडे, दिमोनाला भाच्याकडे, ठाण्याला धाकट्या दिरांकडे आणि लोदला मैत्रिणीकडे गेल्या. दिरांचा लगेच फोन आला की सातव्या कॅसेटमध्ये योसेफाच्या आख्यानात दादा एक कडवे विसरला आहे, आणि ते त्यांनी मला फोनवर म्हणून दाखवले. यंत्राचा विषय नातवाने अजून सोडलेला नाही. 'द फ्रॅक्टल प्रिन्स' हा २०१२ चा दुसरा भाग त्याने माझ्या उशाशी आणून ठेवला आहे. अक्षर पहिल्याहून बारीक आहे.