'पवित्र' साम्राज्य आणि अनुपस्थित धर्म : 'कोड गिआस' या ॲनिमे मालिकेचा एक विचार

प्रस्तावना

पर्यायी इतिहास हा कथाप्रकार 'असे घडले असते तर' या प्रश्नावर उभा असतो. त्यामुळे अशा कथेचे मूल्यमापन करताना तिने काय कल्पिले याबरोबरच काय वगळले, हेही पाहणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात 'कोड गिआस : लेलूश ऑफ द रिबेलियन' या जपानी ॲनिमे मालिकेतील साम्राज्य आणि धर्म यांच्या संबंधाचा या दृष्टीने विचार केला आहे. सनराइज या संस्थेची निर्मिती असलेली ही पन्नास भागांची मालिका २००६-०७ आणि २००८ अशा दोन पर्वांत प्रसारित झाली. तिचे दिग्दर्शन गोरो तानिगुची यांचे असून कथारचनेत इचिरो ओकोउची यांचा प्रमुख वाटा आहे.

मालिकेतील जगात नेपोलियनकडून पराभूत झालेले इंग्लंडचे राजघराणे अमेरिकेत आश्रय घेते आणि तेथे 'होली ब्रिटानियन एम्पायर' उभे राहते. हे साम्राज्य जपान जिंकून त्यास 'एरिया इलेव्हन' हा क्रमांक देते. जपानी माणूस 'इलेव्हन' ठरतो. निर्वासित राजपुत्र लेलूश यास 'गिआस' ही समोरच्याकडून आज्ञा पाळून घेणारी गूढ शक्ती लाभते आणि 'झीरो' हा मुखवटा धारण करून तो बंडाचे नेतृत्व करतो. ज्या साम्राज्याच्या अधिकृत नावातच 'पवित्र' हे विशेषण आहे, त्यात धर्म नेमके कोणते कार्य करतो, हा येथील मूळ प्रश्न होय.

नावातील पावित्र्य

युरोपच्या इतिहासात 'पवित्र' हे विशेषण निव्वळ शोभेचे नव्हते. पवित्र रोमन साम्राज्याच्या संदर्भात ते ११५७ पासून आढळते. पोपच्या सत्तेसमोर सम्राटाच्या सत्तेलाही स्वतंत्र दैवी अधिष्ठान आहे, असा दावा त्यामागे होता. इंग्लंडमध्ये १५३४ च्या कायद्याने राजा स्वतःच चर्चचा प्रमुख झाला. दोन्ही ठिकाणी राजसत्तेला चर्चशी झगडावे लागले, कारण चर्च ही प्रत्यक्ष सत्ता होती.

ब्रिटानियात असा झगडा दिसत नाही. राजकारणात ज्याचे वजन आहे असा एकही धर्माधिकारी मालिकेत नाही. साम्राज्याची कालगणनाही ख्रिस्तजन्मापासून सुरू होत नाही. इसवी सनपूर्व ५५ मध्ये सीझरच्या स्वारीचा प्रतिकार करण्यासाठी निवडल्या गेलेल्या केल्टिक राजापासून ती मोजली जाते. राजधानीचे नाव पेंड्रॅगन, तर सम्राटाच्या निवडक योद्ध्यांचा गट 'नाइट्स ऑफ द राउंड' या नावाने ओळखला जातो. म्हणजे आर्थर राजाच्या आख्यायिकेतील गोलमेज येथे आहे. परंतु त्या आख्यायिकेला आध्यात्मिक ध्येय देणारा पवित्र चषकाचा शोध मात्र नाही. पावित्र्याची भाषा उरली आहे आणि ज्याच्यापुढे राजानेही मान तुकवावी असे काही उरलेले नाही.

विषमतेचा सिद्धान्त

ही रिकामी जागा एका सिद्धान्ताने भरून काढली आहे. राजपुत्र क्लोव्हिसच्या अंत्यविधीप्रसंगी सम्राट चार्ल्स जे भाषण करतो, ते या दृष्टीने मननीय आहे. पुत्राच्या मृत्यूनंतर पित्याच्या तोंडी प्रार्थना किंवा सांत्वन अपेक्षित असते. चार्ल्स मात्र माणसे जन्मतः समान नसतात, स्पर्धा आणि संघर्ष यांतूनच प्रगती होते, असे प्रतिपादन करतो आणि समुदाय साम्राज्याचा जयघोष करतो. एकोणिसाव्या शतकातील सामाजिक डार्विनवाद येथे प्रवचनाच्या आसनावर बसला आहे. जयघोषाचा विधी धर्माचा, आशय मात्र बलवंताच्या हक्काचा, असे हे मिश्रण आहे.

याच कारणाने ब्रिटानिया कोणाचेही धर्मांतर करीत नाही. जपानी व्यक्तीस 'सन्माननीय ब्रिटानियन' होण्यासाठी सरकारदरबारी नोंदणी करावी लागते, बाप्तिस्मा घ्यावा लागत नाही. जित माणसाच्या आत्म्याशी या साम्राज्याला कर्तव्य नाही. त्याचा क्रमांक तेवढा निश्चित झाला की पुरे.

देवाविरुद्धचे कारस्थान

सार्वजनिक जीवनातून हद्दपार झालेला देव सम्राटाच्या खासगी कारस्थानात मात्र केंद्रस्थानी आहे. चार्ल्स आणि त्याचा बंधू व्ही-टू यांच्या मते 'देव' म्हणजे मानवजातीची सामूहिक नेणीव. ही कल्पना युंगच्या मानसशास्त्राशी नाते सांगते. त्या देवाला नष्ट करावे, सर्वांची मने एक करावीत आणि असत्याला जागाच उरू नये, ही त्यांची योजना. तिच्या सेवेस असलेला 'गिआस पंथ' अनाथ मुलांवर प्रयोग करतो. प्रजेला या पंथाची वार्ताही नाही. सीटू या अमर स्त्रीच्या पूर्वायुष्यात भेटणारी जोगीण तिला गिआस देते, पण तिचा हेतू स्वतःचे अमरत्वाचे ओझे त्या मुलीवर लादण्याचा असतो. धर्माच्या वेषात येथे जे भेटते, ते बहुधा फसवणूकच ठरते.

या पार्श्वभूमीवर दुसऱ्या पर्वातील कळसाचा प्रसंग लक्षणीय आहे. लेलूश त्या 'देवा'वरच गिआस वापरतो, परंतु त्याच्या शब्दांत आज्ञेपेक्षा विनवणीचा सूर अधिक आहे. काळ थांबू नये, उद्याचा दिवस यावा, एवढेच त्याचे मागणे. संपूर्ण मालिकेत प्रार्थनेच्या सर्वांत निकट जाणारे हे वाक्य एका नास्तिक बंडखोराच्या तोंडी येते. पुढे जगाचा सारा द्वेष स्वतःवर ओढवून घेऊन तो जाणीवपूर्वक मरण पत्करतो. त्या योजनेचे नाव 'झीरो रेक्विएम'. रेक्विएम म्हणजे कॅथलिक परंपरेतील मृतांसाठीची उपासना. साम्राज्याने रिकामे केलेले यज्ञ, प्रायश्चित्त आणि बलिदान हे अर्थ अशा रीतीने व्यक्तीच्या कृतीत परततात. मालिकेचे हे मोठे यश आहे.

जे वगळले गेले

तथापि या रचनेची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. मालिका जपानला जित राष्ट्राच्या जागी उभे करते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपान स्वतः साम्राज्य होते आणि त्या साम्राज्यात धर्म अनुपस्थित नव्हता. कोरियाच्या राजधानीत १९२५ मध्ये अमातेरासू देवी व सम्राट मेइजी यांना समर्पित चोसेन जिंगू हे भव्य शिंतो देवस्थान उभे राहिले. १९३० नंतरच्या दशकात शाळकरी मुलांना देवस्थानांपुढे वंदन करणे भाग पाडले गेले. त्यास नकार देणाऱ्या काही ख्रिस्ती शाळा बंद झाल्या. १९४० पासून कोरियन लोकांना जपानी धर्तीची नावे घेण्यास लावण्यात आले. ब्रिटानिया नाव काढून क्रमांक देते, तर जपानी राजवट नाव काढून नाव देत होती. एक सत्ता जितांना दूर ठेवते, तर दुसरी त्यांना आपल्यात विरघळवू पाहते. या दुसऱ्या कार्यासाठी देवस्थान हे प्रभावी साधन होते.

डिसेंबर १९४५ च्या आदेशाने शिंतो धर्माचा शासकीय आधार काढून घेतला गेला आणि युद्धोत्तर राज्यघटनेच्या विसाव्या कलमाने धर्म व शासन यांची फारकत केली. या बदलानंतर वाढलेल्या प्रेक्षकासाठी देवस्थान हे सत्तेचे ठिकाण राहिले नाही. मालिकेतील कुरुरुगी देवस्थान म्हणूनच लेलूश आणि सुझाकू यांच्या बालमैत्रीची हिरवी, निरागस जागा म्हणून येते. याच वास्तूचे एखादे भावंड परक्या भूमीवर दहशतीचे प्रतीक होते, याची पुसटशी खूणही तेथे नाही. साम्राज्याला धर्महीन कल्पिल्यामुळे ही आठवण टाळणे सोपे झाले आहे.

समारोप

ब्रिटानियाचे पावित्र्य पोकळ आहे, हे मालिकेचे निदान अचूक आहे. ज्या सत्तेला स्वतःपेक्षा मोठे काही मान्य नसते, ती 'पवित्र' हा शब्द बिरुदासारखा वापरते, हे तीतून प्रभावीपणे व्यक्त होते. परंतु साम्राज्य धर्म हद्दपार करते तसेच ते धर्म राबवूनही घेते, हा इतिहासाचा दुसरा धडा येथे अनुच्चारित राहतो. पर्यायी इतिहासाला भूतकाळ बदलण्याची मुभा असते. तो बदलताना कोणाची वेदना पुसली गेली, हा प्रश्न मात्र समीक्षेने विचारलाच पाहिजे. या मालिकेच्या बाबतीत त्याचे उत्तर कोरियातील त्या शाळकरी मुलांपाशी आहे.