जिवा आणि शिवा : मराठी साहित्यातील अंगरक्षक

यवतमाळहून वर्ध्याकडे निघाले म्हणजे वाटेत कळंब लागते. तेथील चिंतामणी गणेशाचे मंदिर जमिनीच्या पातळीखाली असून दर्शनास जाणाऱ्याला पायऱ्या उतराव्या लागतात. काही वर्षांपूर्वी आम्ही एका स्नेह्यांकडे कळंबला मुक्कामास होतो, त्या वेळी एक मंत्री दर्शनासाठी तेथे आले. मंत्र्यांबरोबर एक अंगरक्षक खाली उतरला आणि दुसरा पायऱ्यांच्या तोंडाशीच थांबला. त्याची पाठ देवाकडे होती आणि मंत्र्यांकडेही होती. तोंड मात्र आम्हां बघ्यांकडे होते. ज्याच्यासाठी तो उभा होता, त्याच्याकडे त्याने एकदाही पाहिले नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र आले. मंत्री हात जोडून उभे, आजूबाजूस स्थानिक पुढारी, आणि मागे कडेला खाकी कापडातला अर्धा खांदा. छायाचित्राखाली सर्वांची नावे होती. खांद्याचे नाव नव्हते.

आमचे स्नेही शाळामास्तर. ते हसून म्हणाले, "होता जिवा म्हणून वाचला शिवा!" म्हण आम्हांला लहानपणापासून पाठ होती, पण त्या अर्ध्या खांद्याच्या शेजारी ती प्रथमच नीट ऐकू आली, आणि एक प्रश्न मनात राहिला. रक्षक आणि रक्षित यांच्या नात्याविषयी मराठी साहित्याने काय सांगितले आहे? आमचे उत्तर फारसे सुखाचे नाही. या नात्याविषयी मराठीतील सर्वांत खोल वाक्य लोकांनीच करून ठेविले, ते या म्हणीत. लेखकांनी त्यात फारशी भर घातली नाही, उलट काही कमीच केले, असे आम्हांस वाटते.

प्रथम मूळ प्रसंग पाहू. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी शिवाजी महाराज व अफझलखान यांची भेट झाली. कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यात महाराजांच्या दहा रक्षकांची नावे आली आहेत. त्यांत जिवा महाला आहे, संभाजी कावजी आहे, तसाच इब्राहिम सिद्दीही आहे. पुढे राजाराम महाराजांच्या काळात कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली. तिच्यातील वर्णन थोडक्या शब्दांत, पण डोळ्यांसमोर उभे राहील असे आहे. खान पडल्यावर त्याचा पटाईत रक्षक सय्यद बंडा महाराजांवर धावून आला. महाराजांनी जिऊ महालाजवळ असलेला आपला पट्टा घेतला व चार वार स्वतःच अडविले. पाचवा वार बसणार, तोच जिऊ महालाने सय्यद बंडाचा शस्त्रासह हात तोडला.

या वर्णनातील हिशेब लक्षात घेण्याजोगा आहे. चार वार राजाचे, पाचवा रक्षकाचा. सभासदाने राजाला दुबळा केला नाही आणि रक्षकाला अवतारी पुरुषही केले नाही. राजाचा पट्टा रक्षकाजवळ आहे आणि राजाचा प्राण रक्षकाच्या हातात आहे. दोघांच्या हातांत एकच काम वाटून दिल्यासारखे झाले आहे. पुढच्या कित्येक ऐतिहासिक कादंबऱ्यांत व नाटकांत हा हिशेब बिघडला. तेथे रक्षक मुजरा करतो, निष्ठेची दोन वाक्ये बोलतो, वार करतो आणि पडद्याआड जातो. तो काय पाहत होता, कशाला भीत होता, पहिल्या चार वारांच्या वेळी त्याच्या मनात काय चालले होते, हे कोणी विचारीत नाही.

म्हणीने मात्र असे केले नाही. तिची रचना पाहावी. रक्षकाचे नाव आधी, राजाचे नंतर. राजाच्या नावामागे छत्रपती नाही, पुढे महाराज नाही. जिवा आणि शिवा एका तोलाचे. यमकासाठी तसे झाले, असे कोणी म्हणेल. परंतु मराठी कानाला 'जीव' आणि 'शिव' ही जोडी संतांच्या शिकवणुकीमुळे फार ओळखीची आहे. जीव आणि शिव वेगळे दिसतात, पण त्यांना वेगळे करता येत नाही, ही त्या शिकवणुकीची धारणा. रक्षकाला जिवाच्या जागी आणि राजाला शिवाच्या जागी ठेवणारी म्हण कोणी जाणूनबुजून केली की ती आपोआप जिभेवर आली, हा प्रश्न गौण आहे. लोकांनी ती साडेतीनशे वर्षे बोलण्यात ठेविली, ही तिच्या मोलाची साक्ष होय.

आता आणखी एक गोष्ट. परंपरा सांगते की जिवा महाला नाभिक समाजातला. पुढच्याच वर्षी, १६६० च्या जुलैत, पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटले, तेव्हा त्यांचे रूप घेऊन पालखीत बसणारा व मरण पत्करणारा शिवा काशीद, तोही याच समाजातला. एक राजाचा हात झाला, दुसरा राजाचा चेहरा झाला. आमच्या लेखकांनी या योगायोगाकडे जातीच्या अभिमानाचा किंवा समतेचा दाखला म्हणून पाहिले, आणि ते चुकीचे नाही. पण त्यात नात्याचे मर्मही दडलेले आहे. गावात एकच मनुष्य असा असतो, की ज्याच्या हातात धारेचे शस्त्र असताना आपण मान वर करून डोळे मिटून बसतो. अंगरक्षकाशी रक्षिताचे नाते नेमके हेच असते. आपण त्याला 'स्वामिनिष्ठा' म्हणतो आणि सगळा भार रक्षकावर टाकतो. वास्तविक पहिला विश्वास रक्षिताने टाकलेला असतो. तो आपली मान आधी पुढे करतो. रक्षकाचा हात नंतर उठतो. हा दुहेरी व्यवहार 'निष्ठा' या एकेरी शब्दात मावत नाही.

एकेरीपणाची आणखी एक खूण सय्यद बंडा. आपला धनी पडलेला पाहून तो जिवावर उदार होऊन धावला. जिवा महालाने जे केले, तेच त्याने दुसऱ्या बाजूने करू पाहिले. त्याचा दरारा एवढा होता, की त्याला भेटीच्या जागेपासून दूर ठेवावे असा आग्रह महाराजांच्या बाजूने धरला गेला, असे सभासद सांगतो. बखरकाराला शत्रूच्या रक्षकाची योग्यता दिसत होती. आमच्या रंगभूमीवर मात्र तो बहुधा डोळे वटारणारा राक्षस होऊन येतो. ज्या साहित्याला शत्रूच्या चाकरातील इमान दिसत नाही, त्याला आपल्या चाकरातील इमान तरी कितपत समजले असेल, अशी शंका आम्हांस येते.

आता नात्याची काळी बाजू. ३० ऑगस्ट १७७३ रोजी पुण्याच्या शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांचे वय अवघे अठरा. मारेकरी बाहेरून आलेले नव्हते. सुमेरसिंग गारदी व त्याचे सोबती पेशव्यांच्याच पगारी फौजेतले होते. थकलेल्या पगाराच्या निमित्ताने ते आत शिरले. नारायणराव धावत जाऊन काका रघुनाथरावांना बिलगले. त्या वेळी चाफाजी टिळेकर नावाचा खिदमतगार हाती शस्त्र नसताना पुढे झाला. त्याने धन्याला मिठी मारून आपले अंग मध्ये घातले, आणि धनी व चाकर दोघेही एकाच ठिकाणी कापले गेले.

ज्यांच्या हाती शस्त्रे होती त्यांनी मारले आणि ज्याच्या हाती काहीच नव्हते त्याने राखू पाहिले. याहून मोठा नाट्यविषय कोणता असावा? पण या प्रसंगातून मराठी भाषेने काय उचलले? 'ध चा मा'. धरावे याचे मारावे झाले, ती एका अक्षराची कथा. ती खरी की रचलेली, यावर पुष्कळ शाई खर्च झाली आहे. अक्षर बदलणारा हात भाषेने लक्षात ठेविला. आडवे पडलेले अंग ठेविले नाही. चाफाजीच्या नावाची म्हण नाही. तो इतिहासाच्या पुस्तकांत एका वाक्यापुरता येतो.

असे का झाले, याचे उत्तर कठोर आहे. जिवाने वाचविले, चाफाजीला वाचविता आले नाही. म्हण 'वाचला' या क्रियापदावर उभी आहे. शिवा वाचला म्हणून जिवा उरला. नारायणराव वाचले नाहीत म्हणून चाफाजीही गेला. लोकांच्या ज्या म्हणीची आम्ही वर एवढी वाखाणणी केली, तिचाही हा दोष आम्ही लपविणार नाही. लोकस्मृती फळ पाहते. पण फळ न आलेली कृती तेवढीच मोलाची होती, हे सांगणे साहित्याचे काम होते. ते मराठीत फार थोड्यांनी मनावर घेतले.

रोमच्या इतिहासातील एक उदाहरण येथे आठवते. ६ मे १५२७ रोजी शाही सैन्याने रोम लुटले, तेव्हा पोप सातवे क्लेमेंट यांना निसटता यावे म्हणून स्विस रक्षकांपैकी १४७ जण पडले. त्या दिवसाची आठवण म्हणून दलातील नवे शिपाई ६ मे या तारखेस शपथ घेत आले आहेत. म्हणजे तेथे मेलेल्यांची मोजदाद राहिली व ती पुढच्यांच्या शपथेत उतरली. आमच्याकडे मोजदाद नाही. एखाद्याचे नाव यमकात बसले तर राहते.

आमच्या काळातही दोन्ही बाजू दिसल्या. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी इंदिरा गांधी स्वतःच्या निवासस्थानाच्या आवारात स्वतःच्याच रक्षकांच्या गोळ्यांनी पडल्या. २१ मे १९९१ रोजी श्रीपेरुम्बुदूरला राजीव गांधी बॉम्बस्फोटात गेले, तेव्हा त्यांचा रक्षक प्रदीप गुप्ता हाही त्यांच्याबरोबर गेला. एकाच घरात सात वर्षांच्या आत गारदीही दिसले आणि चाफाजीही दिसला. मधल्या काळात, १९८५ साली, पंतप्रधानांसाठी विशेष संरक्षण दल उभे राहिले व १९८८ मध्ये त्याचा कायदा झाला. नात्याचे खाते झाले. ते व्हायला हवे होते, याबद्दल वाद नाही. तथापि खात्यात बदली होते, नात्यात होत नाही. ज्या माणसासाठी मरण्याची तयारी ठेवायची, तो माणूस आज्ञापत्रावर ठरतो आणि आज्ञापत्रावर बदलतो. या विचित्र जिव्हाळ्याचे मानसशास्त्र लिहील अशी कादंबरी मराठीत यावी, अशी आमची इच्छा आहे.

तशी कादंबरी लिहिणे सोपे नाही, हेही आम्ही जाणतो. रक्षकाच्या कामाचे यश म्हणजे काही न घडणे. वीस वर्षे तो उभा राहिला आणि काहीच झाले नाही, तर त्याने उत्तम काम केले. कथेला मात्र घटना लागते; म्हणून कथाकार त्याच्या आयुष्यातला तो एकच क्षण उचलतो, ज्या क्षणी पहारा फसला किंवा फसता फसता राहिला. उरलेली वीस वर्षे वाया जातात. धन्याच्या ताटातले अन्न आधी कोणी चाखले, त्याचे घरचे भांडण कोणी ऐकून न ऐकल्यासारखे केले, स्वतःच्या मुलाच्या आजारपणात कोण दुसऱ्याच्या दारात उभे राहिले, या गोष्टींत त्या नात्याचे खरे मांस आहे. ते लिहिण्यासाठी घटनेची भूक आवरावी लागेल.

शेवटी कळंबहून पुढे वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचा विचार केल्यावाचून आम्हांला राहवत नाही. १९३६ पासून गांधीजींचे वास्तव्य तेथे होते. २० जानेवारी १९४८ रोजी दिल्लीत त्यांच्या प्रार्थनासभेजवळ स्फोट झाला. त्यानंतरही सभेस येणाऱ्यांची झडती घेण्यास त्यांनी संमती दिली नाही, आणि दहा दिवसांनी ते गेले. हे धाडस होते की हट्ट, याचा निकाल आम्ही देत नाही. पण त्या नकारातून एक गोष्ट स्पष्ट होते. आपल्यासाठी दुसऱ्याने अंग पुढे करावे की नाही, हा रक्षिताचाही प्रश्न आहे. ज्याने होकार दिला, त्याच्यावर ऋण चढले. बाजीप्रभू, शिवा काशीद, चाफाजी यांच्या कथा सांगताना आपण मरणाऱ्याची निष्ठा गातो. वाचलेल्याने ते ऋण कसे वाहिले, हे विचारीत नाही. महाराजांनी पाचवा वार चुकल्यानंतर जिवा महालाकडे कसे पाहिले असेल? त्या रात्री दोघांत काही बोलणे झाले असेल काय? मराठी साहित्याला हा प्रश्न पडेल, तेव्हा राजाचे चित्रही अधिक माणसासारखे होईल.

कळंबच्या त्या पायऱ्यांवरून मंत्री वर आले, गाडीत बसले, आणि गाडी हलल्यावर तो दुसरा रक्षक धावत जाऊन मागच्या गाडीत चढला. त्याला देवदर्शन घडले नव्हते. आमच्या मास्तरांनी त्याच्यासाठी प्रसादाची पुडी हातात धरली होती; ती तशीच राहिली.