इंजिन की दार?

वर्गविषमतेवरचा चित्रपट म्हणून ‘स्नोपिअर्सर’चे भरपूर कौतुक झाले आहे. २०१३ सालच्या ह्या चित्रपटाचा दिग्दर्शक बाँग जून-हो हा कोरियन. पुढे २०१९ मध्ये आलेल्या ‘पॅरासाइट’मुळे तो जगभर पोहोचला. मूळ कथा जाक लोब आणि झाँ-मार्क रोशेत यांच्या, १९८२ साली सुरू झालेल्या फ्रेंच चित्रकथेतली. कौतुक करणाऱ्यांशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते आपल्यातल्या त्या मित्रांशी, जे हा चित्रपट पाहून ‘ही तर आपलीच गोष्ट’ म्हणतात. आपली गोष्ट तिच्यात आहे. परंतु ते जेथे बोट ठेवतात तेथे ती नाही.

पृथ्वी तापत चालली म्हणून २०१४ साली आकाशात थंडावा आणणारे रसायन सोडले जाते आणि सगळे जगच गोठून जाते, अशी कल्पना आहे. उरलेली माणसे एका कधीही न थांबणाऱ्या आगगाडीत. वर्षाला पृथ्वीची एक फेरी, अशी सतरा वर्षे. पुढे मालक विल्फर्ड आणि त्याचे इंजिन, मग सुखवस्तूंचे डबे, आणि अगदी शेपटाला, बिनतिकीट चढलेली, किड्यांच्या लगद्याच्या काळ्या वड्या खाऊन जगणारी माणसे. शेपटातला कर्टिस बंड करून डब्यामागून डबे ओलांडत इंजिनापर्यंत जातो.

मित्र ज्यावर बोट ठेवतात तो प्रसंग सुरुवातीचाच. मेसन नावाची अधिकारी बाई एका बंडखोराचा हात गाडीबाहेर काढून गोठवते, आणि तोपर्यंत त्याच्या डोक्यावर जोडा ठेवून व्याख्यान देते. टोपीची जागा डोक्यावर, जोड्याची पायात. आम्ही डोके, तुम्ही पाय. पुरुषसूक्त ज्याच्या कानांवरून गेले आहे त्याला हे नवे वाटणार नाही. पण जोडा डोक्यावर ठेवता येतो म्हणजे तो डोक्याला शिवतो. मेसनला त्या माणसाच्या सावलीचे भय नाही. शेपटातला व्हायोलिन वाजवणारा म्हातारा पुढच्या डब्यांतल्या लोकांना हवा असतो तेव्हा त्याला उचलून पुढे नेतात. वड्या करणाऱ्या यंत्रावर बसवलेला माणूसही मूळचा शेपटातलाच. कसब असले की डबा बदलतो, हा ह्या गाडीचा नियम आहे. आपल्याकडे वाजंत्री लग्नाला हवा असे, आणि तो मांडवाबाहेर हवा असे. कसबाने त्याचा डबा बदलला नाही. उलट ते कसबच त्याचा डबा ठरले.

शेपटातल्या डब्यात एक बाई येते आणि फितीने मुलांची उंची मोजते. टिमी मापात बसतो, त्याला घेऊन जातात. का नेले ते शेवटी कळते: इंजिनाचा एक सुटा भाग झिजून संपला, तसा दुसरा आता मिळत नाही, म्हणून त्या पोकळीत मावेल एवढे मूल बसवले आहे. चित्रपटातले हे सर्वांत भयंकर दृश्य, आणि तेथे मला आपले गटार दिसले. हा चित्रपट आला त्याच २०१३ साली हाताने मैला उपसण्याच्या कामाला बंदी करणारा दुसरा कायदा आपल्या संसदेने केला. पहिला १९९३चा. दोन कायद्यांनंतरही माणसे गटारात उतरतात आणि गुदमरून मरतात. विल्फर्डजवळ निदान एक कारण आहे, त्याचा भाग संपला आहे. आपल्याकडे काहीही संपलेले नाही. गटार साफ करणारे यंत्र बाजारात मिळते, तरी माणूस उतरवतात. आणि तो निवडायला फीत लागत नाही, आडनाव पुरते. वर्गाचे गणित ज्या ठिकाणी सुटायचे थांबते ते हे ठिकाण आहे. दलित पँथरमध्ये १९७३च्या जाहीरनाम्यावरून जो वाद झाला तो व्यक्तींचा नव्हता, ह्याच गणिताचा होता, असे मी मानतो. आज तो पुन्हा उकरायची गरज नाही, पण मिटला असे समजायचीही नाही.

मग आपली गोष्ट आहे कोठे? ती नामगूंग मिन्सू ह्या माणसात आहे. डब्यांची दारे बांधणारा हा कोरियन. कर्टिस त्याचे नाव तोडून घेतो, तेव्हा तो आडनाव कोणते आणि नाव कोणते हे समजावून देतो. सगळ्यांचे डोळे पुढच्या दाराकडे असताना हा बाजूच्या दाराकडे पाहतो. इतकी वर्षे ते गोठून बंद आहे म्हणून लोक त्याला भिंत समजतात. ते दार आहे, बाहेर उघडते, असे तो सांगतो. बाहेर जगता येईल हा त्याचा नुसता आशावाद नव्हे. दरवर्षी त्याच पुलावरून जाताना बर्फात पडलेले एक विमान त्याने पाहिले आहे. आधी फक्त शेपूट दिसे, आता अंगही दिसते. बर्फ वितळते आहे. बर्फाची ही पारख त्याला एका इन्युइट बाईने दिली. ती सहा जणांना घेऊन गाडीतून उतरली आणि ते सातही जण गोठून मेले. त्यांचे उभे गोठलेले देह शाळेच्या डब्यातून मुलांना खिडकीतून दाखवतात: उतराल तर असे व्हाल.

तो शाळेचा डबा मी शिक्षक म्हणून जरा जास्तच पाहिला. गोड आवाजाची गरोदर बाई मुलांकडून इंजिनाची आरती म्हणून घेते, आणि थोड्याच वेळाने अंड्यांच्या टोपलीतून बंदूक काढते. अभ्यासक्रम आणि बंदूक एकाच हातात. ह्यावर एका शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकांना अधिक काही सांगू नये.

कर्टिस इंजिनापाशी पोहोचतो तेव्हा कळते की बंडाची चिठ्ठी विल्फर्डनेच पाठवली होती. शेपटातला वृद्ध पुढारी गिलियम त्याच्याशी रात्री फोनवर बोलत असे. गाडीतली माणसे कमी करायला बंड सोयीचे पडते. शंभरातली चौऱ्याहत्तर मारायची, हा हिशेब अगोदरच झालेला. पण मला ह्या कटापेक्षा त्यानंतरचे आमिष महत्त्वाचे वाटते. विल्फर्ड कर्टिसला मांस वाढतो, आणि शेवटचा एकटा कधी होतास असे विचारतो. इंजिन तू घे म्हणतो. ज्या घरात आधी कोणी पदवी घेतली नाही, एका खोलीत सहा-सात जण झोपले, त्या घरातून कॉलेजात आलेल्या माझ्यासारख्याला ह्या प्रश्नाची धार लगेच लागते. स्वतःची खोली, दाराला आतून कडी, ही लाच फार मोठी असते. आमच्या पिढीतले कितीतरी कर्टिस त्या टेबलापाशी बसलेले आहेत, आणि मागे मूल यंत्रात आहे हे त्यांना दिसतही नाही. चित्रपटातल्या कर्टिसला ते दिसते, आणि तो आपला हात दात्यांत घालून टिमीला बाहेर काढतो.

येथे कोणी म्हणेल, सत्ता हाती घ्या असे बाबासाहेबांनीच सांगितले, मग इंजिनाला नाके का मुरडता? सांगितले, खरेच. त्यांनी घटनाही लिहिली. परंतु १९३५ साली येवल्याला त्यांनी बाजूच्या दाराकडेही बोट केले होते आणि १९५६ साली नागपूरला ते दार उघडले. एकवीस वर्षे इंजिन आणि दार ही दोन्ही कामे त्यांनी एकाच वेळी चालवली. चित्रपटाला हे सुचत नाही, ही त्याची खरी मर्यादा. त्याच्या लेखी एक तर कर्टिस, नाही तर नामगूंग. आणि नामगूंगचे दार उघडते ते स्फोटाने: कडा कोसळतो, गाडी उलटते, शेपटातले आणि पुढचे सगळेच मरतात. ज्यांच्यासाठी बंड झाले त्यांतला एक टिमी उरतो. व्यवस्थेतून बाहेर पडणे म्हणजे सर्वनाश, ही विल्फर्डचीच समजूत दिग्दर्शकाने नकळत पत्करली आहे. नागपूरला लाखो माणसे बाहेर पडली. पांढऱ्या कपड्यांत, बायकामुलांसह, परतीच्या गाडीभाड्याची काळजी करत.

शेवटी नामगूंगची मुलगी योना आणि टिमी बर्फात उभे राहतात. दोघेही गाडीतच जन्मलेले. पायाखाली जमीन अशी त्यांनी कधी अनुभवलेली नाही. समोर एक पांढरे अस्वल वळून बघते, म्हणजे बाहेर जीव जगतो आहे, म्हणजे नामगूंगचा अंदाज बरोबर होता. तो ते पाहायला नाही, आणि त्या दोघांना पुढचे सांगणारे मोठे माणूस एकही शिल्लक नाही.